काटकसरी दुर्बीणशोधक

पक्षिनिरीक्षकांच्या समुदायात पक्षी पाहणाऱ्यांखेरीज, पक्षी पाहण्यासाठी कोणती दुर्बीण घ्यावी याचा निर्णय करीत असलेल्यांचाही एक वर्ग आढळतो, आणि पक्षिविषयक ग्रंथांनी त्याची दखल घेतलेली नाही, हा त्या वर्गावर अन्यायच म्हणावा लागेल.

या वर्गातील गृहस्थ बहुधा मध्यमवयीन, चष्मा लावणारा आणि हिशेबाला पक्का असतो. दुर्बीण खिशात मावणारीच घ्यायची आणि तीवर पाच हजारांच्या वर छदामही खर्चायचा नाही, अशी त्याची प्रतिज्ञा असते, आणि तिच्यापायी त्याने प्रकाशशास्त्राचा जो व्यासंग केलेला असतो तो पाहून एखाद्या प्राध्यापकानेही तोंडात बोट घालावे. ८×२५ या आकड्यांतील पहिला म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते ते, आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास, हे तो लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजाऱ्यालाही तळमजला येईपर्यंत समजावून देतो. व्यासाला पटीने भागले की डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. १०×२५ मध्ये ती २.५ मिलिमीटर भरते, तर ८×३२ मध्ये ४, आणि भर उन्हात डोळ्याची बाहुली आक्रसलेली असल्यामुळे हा फरक फारसा जाणवत नसला, तरी पहाटे, म्हणजे पक्ष्यांची लगबग सर्वाधिक असते नेमक्या त्या वेळी, बारीक दुर्बिणीतून पिवळाजर्द हळद्याही मळकट दिसतो. शिवाय दहा पट मोठे दिसते तेव्हा हाताचा कंपही दहा पट मोठा होतो, म्हणून आठ पटच बरी, हा त्याचा युक्तिवाद बिनतोड असतो.

घोडे पेंड खाते ते पुढेच. दुर्बिणीतील उलटी प्रतिमा सुलटी करण्यासाठी लोलक लागतात, आणि इग्नात्सिओ पोरो या इटालियन संशोधकाने १८५४ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत ते कमी पैशात चांगले चित्र देत असले, तरी ती दुर्बीण सहसा खांद्यापाशी रुंद होते आणि खिशात जात नाही. सरळ नळ्यांची छपरी लोलकांची दुर्बीण खिशात जाते, परंतु तिच्या घडणीत फार काटेकोरपणा लागत असल्याने स्वस्तात ती बहुधा अंधूकच मिळते. सुटसुटीतपणा, उजेड आणि पाच हजार यांची एकत्र मोट बांधण्याचा हा खटाटोप कित्येक हिवाळे चालतो, आणि दरम्यान किमती वाढत जातात, ही बाब त्याच्या हिशेबात धरलेली नसते.

दुकानात त्याचे वर्तन अभ्यासण्याजोगे असते. लाल चकाकणाऱ्या भिंगांची दुर्बीण पुढे आली की तो तिला हातही लावत नाही. दुसरी घेऊन दारापर्यंत जातो, समोरच्या पाटीवरील अक्षरांना जांभळी कड दिसते का ते पाहतो, चष्मा काढून व घालून पूर्ण वर्तुळ दिसते का ते पडताळतो, दोन्ही नळ्या समांतर नसल्यास डोके दुखते म्हणून डोके दुखेपर्यंत पाहत राहतो, आणि शेवटी दुर्बीण पुसण्याचे फडके तेवढे विकत घेतो.

भिगवणला उजनी जलाशयावर रोहित पक्ष्यांचा थवा समोर उतरलेला असतानाही, बोटीतील सहप्रवाशाची दुर्बीण मागून घेऊन तो दूरच्या विजेच्या खांबाकडे पाहतो, कारण भिंगाची पारख सरळ रेषेवर होते. आणि घरी गृहिणी खिडकीसमोरच्या उंबरावरचा तांबट नुसत्या डोळ्यांनी ओळखते तेव्हा, तो पक्षी जवळ होता, एवढेच त्याचे म्हणणे असते.

तरीही त्याची थट्टा करून थांबणे योग्य नव्हे, कारण त्याचे शास्त्र खरे आहे: खिशाचा हट्ट सोडून ८×३२ घ्यावी, आणि चष्मा असल्यास डोळा मागच्या भिंगापासून १५ मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसते याची खात्री करावी. दुर्बीण घेऊ इच्छिणाऱ्याने त्याचा सल्ला जरूर घ्यावा. खरेदीला जाताना मात्र त्याला बरोबर नेऊ नये.