बिनलेबलाच्या आवाजाच्या मालकास

नावगाव न सांगणारे महाशय,

सप्रेम नमस्कार लिहीत नाही. समोर कोण आहे हेच ठाऊक नाही, मग हात कोणाला जोडायचे?

मी लोटेचा. खेड-चिपळूणच्या मध्ये, मुंबई-गोवा महामार्गाला लागून आमची एमआयडीसी. रसायनांचे टँकर इथे रोजचेच. प्रत्येकावर पाटी असते: आत कोणतं रसायन, त्याचा क्रमांक, धोक्याचं चिन्ह आणि काही झालंच तर फोन कोणाला करायचा. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ती सक्तीची केली. घाटात टँकर कलंडला तर जवळ जायचं की माणसं लांब न्यायची, हे त्या पाटीवरून ठरतं. बिनलेबलाच्या ड्रमला आमच्याकडे कोणी हात लावत नाही.

तुम्ही मात्र नकली आवाजांचा बिनलेबलाचा माल थेट आमच्या घरात ओतता.

२०२४ची विधानसभा आठवा. १८ नोव्हेंबरला संध्याकाळी प्रचार थांबला, २० तारखेला मतदान. मधल्याच दिवशी विरोधी पक्षांचे नेते सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे म्हणून, बिटकॉइनचे पैसे निवडणुकीत वापरल्याबद्दलचे आवाज फिरले. भारतीय जनता पक्षाच्या अधिकृत खात्यानेही ते टाकले. सुळे यांनी आरोप साफ नाकारून निवडणूक आयोगाकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. ‘बूम’ या तथ्यपडताळणी संस्थेने ते आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने (एआयने) घडवलेले असल्याचं म्हटलं. पण असली पडताळणी वाडीवाडीत पोचायला दिवस लागतात, क्लिप पोचायला मिनिटं. उत्तर द्यायला सभा नाही, भोंगा नाही, अशी ती वेळ. ती निवडण्यात मला भित्रेपणा दिसतो.

एकाच पक्षाला बोल लावणार नाही. १६ एप्रिल २०२५ला नाशिकमध्ये उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने शिबिरात बाळासाहेबांच्या आवाजातलं भाषण ऐकवलं, तेही एआयने बनवलेलं. तिथे ते लपवलं नव्हतं, हा फरक मोठा आहे. तरी २०१२ साली गेलेल्या माणसाच्या तोंडी २०२५चं राजकारण घालायला नको होतं, असं मला वाटतं. शिवाय मंडपातल्या लोकांना सगळं ठाऊक. त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा कोणी कापून पाठवला तर आमच्या वाडीतल्या आजोबांना तो खराच वाटणार. लेबल ड्रमवर हवं. कंपनीच्या गेटवर लावून भागत नाही.

२४ ऑक्टोबर २०२५ला निवडणूक आयोगाने पक्षांना आणि उमेदवारांना बजावलं: चित्रात किंवा व्हिडिओत किमान १० टक्के जागेवर, ऑडिओत सुरुवातीच्या १० टक्के वेळात ‘हे एआयने बनवलं आहे’ हे सांगा, बनवणाऱ्याचं नाव द्या, नोंदी ठेवा. फसवा मजकूर ३ तासांत काढा. अर्ध्या मिनिटाच्या क्लिपला हिशेब ३ सेकंदांचा. तेवढेही तुम्हाला जड जातात, कारण खरं सांगितलं की माल खपत नाही.

लपून राहाल या भरवशावर मात्र राहू नका. जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या मतदारांना जो बायडेन यांच्या नकली आवाजात फोन गेले, मत देऊ नका म्हणून. त्यामागचा सल्लागार स्टीव्ह क्रेमर सापडला. त्याला ६० लाख डॉलरचा दंड ठोठावला गेला.

आमच्या टँकरवाल्याइतकं तरी करा. पुढच्या क्लिपवर तुमचं नाव, तुम्हाला पैसे देणाऱ्याचं नाव आणि एक फोन नंबर टाका. आणि हे पत्र वाचणाऱ्या माझ्या गाववाल्यांनो, मतदानाच्या आदल्या रात्री अशी बिननावाची क्लिप आली तर ती पुढे पाठवू नका. आलेली तारीख-वेळ लिहून ठेवा, क्लिप जपून ठेवा आणि आयोगाकडे तक्रार करा.

लोटेचा एक मतदार