उंदरांची सही राहिली

वर्धा जिल्ह्यात ‘मुद्देमाल जप्त’ म्हटले की लोकांना दारूच आठवते. दारूबंदीचा जिल्हा, बाटल्यांवर रोडरोलर फिरतो, फोटो छापून येतो. तूरडाळीचे नशीब एवढे थोर नाही.

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्यातले कलम ३८ जरूर वाचावे. समजा, गोदामात भिंतींना ओल, पोत्यांवर लेंड्या, डाळीत सोंडे. अधिकारी येतो, नमुना घेतो, त्याचे चार भाग करून सील ठोकतो. उरलेला माल? तो जप्त करून त्याच मालकाच्या सुरक्षित ताब्यात ठेवता येतो! हवे तर किमतीइतके बंधपत्र घ्यावे. मालक मुकाट सही करतो. उंदरांची सही घ्यायची तरतूद नाही. नमुन्याच्या अहवालाला १४ दिवसांची मुदत. तोवर आतली मंडळी उपोषण करतील, सेवाग्राम जवळच आहे, असे कायदा करणाऱ्यांनी धरून चालले असावे.

अन्नात बाह्य पदार्थ निघाला तर कलम ५४ खाली दंड १ लाख रुपयांपर्यंत. अमेरिकेत बाल्टिमोरच्या गोदामातले उंदीर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले होते. १९७५ साली ‘अ‍ॅक्मे मार्केट्स’ या गोदाममालक कंपनीच्या खुद्द अध्यक्षांनाच दोषी धरले गेले. ‘ते काम मी हाताखालच्यांना सोपवले होते’ ही सबब चालली नाही. दंड झाला २५० डॉलर. ही रक्कम मात्र हिंगणघाटच्या बाजारात कोणी सांगू नये. आपल्याकडे फार महाग पडते म्हणून शिष्टमंडळ निघेल.