पंप वाढवलेला गडी

शोरूममधून नवी पिकअप बाहेर पडते तेव्हा तिच्या बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक असतं, पुढं झेंडूचा हार असतो, चाकांखाली लिंबं असतात. फक्त मालक समाधानी नसतो. पेढे वाटून झाले की तो गाडी घेऊन अंबाबाईला जाऊन येतो, तिथून जोतिबाचा डोंगर चढतो आणि वर पोचल्यावर कपाळाला गुलाल लावता लावता मित्राला म्हणतो, "गाडी चांगली हाय भावा, पर दम न्हाई. पंप वाढवाय पायजे."

त्या क्षणी गाडीत भार असतो तो दोन माणसांचा आणि एका नारळाचा.

हा गडी करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरी अशा कुठल्याही तालुक्यातला असू शकतो. वय तीस-पस्तीस. घरी दोन एकर ऊस, गोठ्यात दोन म्हशी, सकाळी डेअरीला दूध घालायचं आणि मग पिकअपवर भाडं मारायचं. कधी भाजी, कधी सिमेंटची पोती, कधी शिरोलीच्या फौंड्रीतलं कास्टिंग, आणि हंगामात गूळ. कंपनीनं गाडीला भार ठरवून दिलाय साधारण दीड टनाचा. मार्केट यार्डातल्या हिशेबानं दीड टन म्हणजे तीस किलोचे गुळाचे पन्नास रवे. आपला गडी सत्तर चढवतो आणि चढावर गाडी दबली की दोष कंपनीला देतो. "कंपनीनं इंजान मुद्दाम दाबून ठेवलंय," हे त्याचं आवडतं वाक्य.

आणि पंचाईत अशी की यात थोडं तथ्य आहे. बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं टर्बो इंजिन एका मॉडेलमध्ये सत्तर-पंचाहत्तर हॉर्सपॉवर देतं, त्याच घराण्यातलं इंजिन दुसऱ्या मॉडेलमध्ये ऐंशीपर्यंत जातं. धूर आवाक्यात राहावा, पिस्टन-बेअरिंगनं लाखो किलोमीटर साथ द्यावी, डिझेल कमी प्यावं, असा सगळा विचार करून कंपनी हात राखते. गड्याला यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू येतं : कंपनीनं हात राखलाय. राखलेला हात सोडवणं हे मग त्याला कर्तव्यच वाटायला लागतं.

'पंप' या दोन अक्षरांत तो इंजिनाचं सगळं दैव कोंबतो. ते फारसं चूकही नाही. पेट्रोल गाडीत ड्रायव्हरचा पाय हवा सोडतो, डिझेल गाडीत तोच पाय थेट डिझेल वाढवतो. पंप जेवढं डिझेल सिलिंडरमध्ये सोडेल तेवढी ताकद, पण ते जाळायला हवा पाहिजे. एक किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि प्रत्यक्षात अठरा-वीस किलोंच्या खाली आलं की मागून काळं निघायला लागतं. हवा ठासून भरायचं काम टर्बोचं. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तेव्हा गड्याच्या पणजोबांकडं बैलगाडी होती, आणि तिचाही दम त्यांना कमीच वाटत असणार.

तर टर्बो आहे, हवा आहे, मग डिझेल का वाढवू नये? हा प्रश्न घेऊन गडी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात येतो.

उद्यमनगरात असला प्रश्न घेऊन येणारा तो पहिला नव्हे. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या माणसांनी या गावात इंजिनं खोलायची, समजून घ्यायची आणि स्वतः ओतायची परंपरा घातली. नदीचं पाणी उसाला उचलायला ऑइल इंजिनं लागत, ती इथं बनत. मळ्यात वीज आली, ऑइल इंजिनांचा जोर ओसरला, पण हात रिकामे राहिले नाहीत. ते कास्टिंगकडं, मोटारींच्या सुट्या भागांकडं वळले. शिरोलीत मेनन पिस्टन्स आहे, गोकुळ शिरगावला मेनन बेअरिंग्ज. म्हणजे गड्यानं इंजिन उडवलं, तर लागणारा माल जिल्ह्याबाहेरून आणावा लागेलच असं नाही. ही सोय त्याच्या धाडसाला फार पोषक ठरते.

पंपवाल्या मिस्त्रीच्या दुकानाचा थाट इतर गॅरेजसारखा नसतो. बाहेर ग्रीसनं काळी झालेली फरशी, पण आत काचेचं दार, एसी, आणि दाराशी चपला काढायची सक्ती. गडी गुपचूप चपला काढतो. घरात आई सांगून दमली तरी हे कधी झालेलं नसतं. कारण साधं आहे : कॉमन रेलच्या इंजेक्टरमधली फट काही मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉन जाड असतो. तळव्याबरोबर आलेली धूळ आत गेली तर मिस्त्रीची दिवसभराची मेहनत गेली.

जुन्या मेकॅनिकल पंपाची गंमत वेगळी. हे पंप बनवणाऱ्या बॉशला इथं अजून सगळे 'मायको'च म्हणतात. बेंगळुरूच्या त्या कंपनीनं २००८ मध्ये नाव बदलून बॉश केलं, उद्यमनगरानं त्याची दखल घेतलेली नाही. मिस्त्री पंप खोलून बेंचवर चढवतो, मोटर सुरू करतो, आणि समोरच्या उभ्या काचेच्या नळ्यांत चार लाइनींचं तेल पडायला लागतं. हजार स्ट्रोकमध्ये किती सीसी पडलं ते नळीवर वाचायचं. चारही नळ्यांत पातळी सारखी पाहिजे. एक जरी मागं राहिली तर इंजिन लंगडतं. मिस्त्री डोळा नळीच्या रेषेला आणून बघतो, स्क्रू पाव फेरा फिरवतो, पुन्हा बघतो. गडी मागून म्हणतो, "मिस्त्री, वाईच अजून चढवा की." मिस्त्री ऐकत नाही. निदान ऐकलं असं दाखवत नाही.

मग नोझल. ती हँडपंपाच्या टेस्टरला लावून दांडा दाबला की काटा दोनशे बारच्या पुढं सरकतो आणि 'चर्रर्र' आवाज होऊन धुक्यासारखा बारीक फवारा उडतो. उडाला तर ठीक. नाहीतर टोकाशी थेंब लोंबतो आणि मिस्त्री निदान सांगतो, "मुततंय." त्या निदानापुढं दुसरं मत घ्यायची पद्धत नाही. थेंबानं पडलेलं डिझेल नीट जळत नाही, पिस्टनचं डोकं भाजतं. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि घाटात भार ओढताना एक्झॉस्टचं तापमान त्याच्याही वर जाऊ शकतं. पिस्टन टिकतो तो झळ क्षणाक्षणानं येते आणि खालून तेल त्याला गार करत राहतं म्हणून. डिझेल वाढवत गेलं की ही सवलत संपते.

मिस्त्री हे गड्याला त्याच्याच भाषेत सांगतो. "टर्बो म्हंजे छाती, पंप म्हंजे खुराक. मेहनत न्हाई आणि थंडाई दुप्पट केली तर पैलवानाचं काय हुतंय, ते खासबागेच्या आखाड्याभवती हिंडून बघ." गडी मान डोलवतो आणि खुराक दुप्पट करायला सांगतो.

खरी गोष्ट सुरू होते ती यानंतर. पंप वाढला, नोझल मोठी झाली, गाडी शाहू नाक्यापर्यंत अशी पळाली की गड्यानं तिथूनच चौघांना फोन केले. आठवड्यानं कळलं की मागून काळा धूर येतोय. म्हणजे हवा कमी पडतेय. म्हणजे टर्बोचं प्रेशर वाढवा. ते वाढवलं तर इंटरकूलरचा होज सुटला. होज बदलला, तर क्लच घसरायला लागला. क्लच बदलला तेव्हा कळलं की डिझेलचं वाढीव पिणं जुन्या फिल्टरला झेपत नाही. एक साखळी आहे, आणि गडी तिची एकेक कडी स्वतःच्या खर्चानं शोधतो. या साखळीत ब्रेक कधीच येत नाही. सत्तर रवे घेऊन दुप्पट जोमानं निघालेली गाडी थांबवायची कशी, हे त्यानं कुठल्याच मिस्त्रीला विचारल्याचं ऐकिवात नाही.

कॉमन रेलच्या नव्या गाडीत स्क्रू नसतो, म्हणून तिथं लॅपटॉपवाला पोरगा येतो. मिस्त्री पन्नाशीचा, पोरगा तेवीसचा. मिस्त्री त्याला 'खेळण्यातला' म्हणतो, तो मिस्त्रीला 'काका' म्हणतो, आणि दोघांनाही एकमेकांशिवाय चालत नाही. पोरगा ईसीएमचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, रिमॅप करतो. ज्यांना ते परवडत नाही ते एक डबा बसवतात. डब्याचं काम प्रामाणिक नाही. रेलमधलं प्रेशर आहे त्यापेक्षा कमी असल्याचं तो ईसीएमला सांगतो, आणि ईसीएम बिचारं आणखी प्रेशर चढवतं. टायरमध्ये असतात दोन-चार बार, इथं सोळाशे-अठराशेच्या घरातला मामला. गड्याला डबा फार आवडतो. खोटं सांगून काम करून घेणारं यंत्र त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेलं असतं.

आणि मग वैभववाडीकडून आंबा भरून करूळ घाट चढताना मधल्याच वळणावर 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागतो आणि गाडी एकदम मरगळते. हाय प्रेशर पंपाला मागून जेवढं डिझेल यायला हवं तेवढं येत नाही. टाकीकडून येणारी लाइन तीच, फिल्टर तोच, वर मागणी वाढलेली. रेलचं प्रेशर पडलं, ईसीएमनं जीव वाचवायला ताकद कापली. चाळीस पेट्या आंब्याचा मालक फोनवर, मागं एसटी हॉर्न मारतेय, आणि गडी बोनेट उघडून आत बघतोय. कॉमन रेल इंजिनाचं बोनेट उघडून बघितलं तर प्लॅस्टिकचं एक झाकण दिसतं. तो ते झाकण बघतो.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं बजावलं. गड्याचा युक्तिवाद एका ओळीचा असतो : "पंप काय बाहीरनं दिसतोय व्हय?" पंप दिसत नाही, धूर दिसतो. पीयूसीवाला पाय दाबायला लावून धूर मोजतो. बीएस-४ डिझेल गाडीला मर्यादा १.६२, बीएस-६ ला ०.७. त्या सकाळी गड्याची गाडी अचानक सोज्वळ होते. डबा घरी, कपाटात, लग्नाच्या अल्बमशेजारी असतो.

हे खूळ फक्त कोल्हापूरचं असंही नाही. अमेरिकेत टर्बो डिझेल पिकअपच्या मालकांनी हाच उद्योग किती मोठ्या प्रमाणावर केला, याचा तिथल्या पर्यावरण संस्थेनं २०२० मध्ये अंदाज काढला : दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त पिकअपची धूर रोखणारी यंत्रणा निकामी केली गेली होती. ही माहिती गड्याला दिली तर तो खजील वगैरे होत नाही. "बघा," तो म्हणतो, "तिकडं बी आपलीच माणसं हायेत."

त्याचा मावसभाऊ पुण्याला असतो आणि त्याच्याकडं इसुझूची व्ही-क्रॉस आहे, १६३ पीएसची. दिवाळीत ती दारात लागली की गडी तिच्याभोवती दोन चकरा मारतो, टायरला लाथ मारून बघतो आणि विचारतो, "ह्यात माल किती बसतो?" मावसभाऊ म्हणतो, माल नाही रे, आम्ही फिरायला वापरतो. यावर गडी काही बोलत नाही. पण एवढा पंप वाया गेल्याचं दुःख त्याच्या तोंडावर दिवसभर दिसतं.

इतकं सगळं करून ही ताकद वापरायची कुठं, हा प्रश्न उरतो. नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम. पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, त्यांतून दोन्ही बाजूंनी रस्त्याच्या मधोमध आलेला ऊस, ट्रॅक्टरवर स्पीकर. मागं आपला गडी, दुसऱ्या गिअरमध्ये, टर्बोची शिट्टी अधूनमधून ऐकवत. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद पडला. तेव्हा रांगेत अशा वाढीव पंपांच्याही गाड्या उभ्या होत्याच, साध्या पंपांच्या गाड्यांच्या शेजारी.

चौथ्या वर्षी तो गाडी विकायला काढतो. गिऱ्हाईक येतं, गाडीभोवती फिरतं, खाली वाकून बघतं, सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून काजळी बघतं. गडी आधीच तयार असतो.

"पंपाला पाना लागला न्हाई अजून. कंपनी सील हाय. आईशप्पत."

गिऱ्हाइकाचं तोंड उतरतं. "म्हंजे वाढीव न्हाई? मग मला परत त्यो खर्च आला की."

गडी एकदा घराकडं बघतो. आई आत आहे. मग डॅशबोर्डचा कप्पा उघडून मिस्त्रीची घडी घातलेली बिलं काढतो आणि बोनेटवर एकेक पसरतो. पंप, नोझल, टर्बो, क्लच, फिल्टर.

"समदं झालंय ह्यात, पावणं. म्हणून पंधरा हजार वाढवून सांगतोय," तो म्हणतो. "फकस्त जाताना ब्रेकचं तेवढं दाखवून घ्या."