वांगं बंद!
पाथरीच्या बाजारात वांगं घेताना कुणी ‘यात फॅट किती?’ विचारलंच, तर उत्तर सोपं आहे: १०० ग्रॅममध्ये जेमतेम पाव ग्रॅम. मग तेच वांगं घरी येतं, देठापर्यंत चिरलं जातं, पोटात शेंगदाण्याचं कूट भरून घेतं (दाण्यात जवळपास निम्मं तेलच) आणि तर्रीत बुडतं. पुढे वजनकाटा बोलू लागला की घरात ठराव होतो: वांगं बंद! बिचारं आधीच वातुळ म्हणून बदनाम. कूट आणि तर्री मात्र निर्दोष सुटतात. शिवारातल्या सोयाबीनच्या दाण्यात १८ ते २० टक्के तेल. त्याच्यावरही कुणाचा संशय नाही. अ‍ॅव्होकॅडोत तर १०० ग्रॅमला १५ ग्रॅमच्या आसपास फॅट, पण ते महाग, म्हणून पौष्टिक.