सगळे आपापल्या जागी ठीक

सर्व्हर घरात ठेवायचं ठरलं तेव्हा पहिला वाद झाला तो जागेवरून. भाचा म्हणाला, टेबलाखाली, गार फरशीवर. बायको म्हणाली, माळ्यावर. महत्त्वाची कुठलीही वस्तू छातीच्या उंचीखाली ठेवायची नाही, हा आमच्या घरचा २००६ पासूनचा कायदा आहे. त्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या घरात पाणी सुटलं आणि तापी सुरतेच्या घराघरात पाहुणी येऊन राहिली. तेव्हापासून पावसाळ्यात इथला माणूस, गुजराती असो, खान्देशी असो की ओडिया, सकाळी चहाआधी उकाईची पातळी विचारतो. धरण भरल्याचा ३४५ फूट हा आकडा पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतो. सर्व्हर माळ्यावर गेला. माळ्यावर पूर येत नाही, पण पत्र्याखाली दुपारी ऊन येतं, आणि शेजारच्या मागांवरून उडणारा सुताचा बारीक धुरळाही येतो. पंख्यात तो साचला की मशीन दोन वाजता आपण होऊन वामकुक्षीला जायचं.

आता सर्व्हर कशासाठी, तर गणपतीच्या वर्गणीसाठी. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यात धुळे-जळगाव-नंदुरबारकडून मागांवर कामाला आलेल्यांच्या पुढच्या पिढ्या नांदतात, आणि गणपतीचे दहा दिवस आपण गुजरातेत आहोत याची आठवण फक्त फाफड्याला होते. मी मंडळाचा चिटणीस. पावतीपुस्तकं तिघांकडे, रोकड चौथ्याकडे आणि हिशेब पाचव्याच्या डोक्यात, अशी आमची परंपरा. इंजिनियरिंगला असलेला भाचा म्हणाला, "मामा, वेब ॲप्लिकेशन करू. ज्यानं त्यानं मोबाइलवर आपली नोंद बघावी." सर्व्हर भाड्यानं मिळतो म्हणताच खजिनदार काकांनी, ज्यांचं आयुष्य रिंग रोडच्या कापडबाजारात गेलं, एका वाक्यात ठराव संपवला: "पोतानुं होय तो भाडुं शेनुं?" घरचा म्हणजे भाच्याचा जुना कॉम्प्युटर, त्यावर तेवढंच जुनं लिनक्स.

या पेटीत एक एकत्र कुटुंब राहतं, हे मला हळूहळू समजलं. ओसरीवर एनजिनएक्स बसतो. आलेल्याला काय हवं ते विचारून निरोप आत धाडायचा, एवढंच त्याचं काम. मधल्या घरात पायथनमध्ये लिहिलेलं आमचं ॲप. आणि आतल्या कोठीत मायएस्क्यूएल हा डेटाबेस, ज्याच्या कमरेला सगळ्या किल्ल्या. फिनलंडच्या मोंटी विडेनियसनं थोरली लेक माय हिच्यावरून हे नाव ठेवलं. २००८ मध्ये सन कंपनीनं ते शंभर कोटी डॉलरना घेतलं, आणि सनच ऑरेकलच्या पदरात जाणार असं २००९ मध्ये दिसू लागताच विडेनियसनं धाकट्या मारियाच्या नावानं मारियाडीबी हा वेगळा संसार मांडला. आमच्याकडे थोरलीच होती.

पहिल्याच संध्याकाळी पडद्यावर आलं: ५०२, बॅड गेटवे. भाच्यानं चौकशी सुरू केली. एनजिनएक्सला विचारलं, तो म्हणाला मी चालू आहे, मधलं घर उत्तर देत नाही. मधल्या घराला जागं केलं, ते म्हणालं मी चालू आहे, कोठीचं दार उघडत नाही. कोठीला विचारलं, तीही चालू, सकाळपासून कोणी आलंच नाही म्हणाली. तिघांपुढे हिरवा ठिपका. माणसं सगळी सज्जन आणि घरात अबोला, हा प्रकार मी माझ्या दोन काकांच्या वाटणीत पाहिलेला होता, त्यामुळे मला अजिबात नवल वाटलं नाही. भाच्याला मात्र वाटलं. कॉलेजात त्यांना प्रत्येक भाग वेगवेगळा शिकवतात. भांडण कुणी शिकवत नाही.

भांडण निघालं दाराचं. ॲपला सांगितलं होतं, डेटाबेस 'लोकलहोस्ट'वर आहे. लिनक्सवर मायएस्क्यूएलच्या भाषेत लोकलहोस्ट म्हणजे मागचं दार, सॉकेट नावाची एक फाइल. ॲप ती एका फोल्डरमध्ये शोधत होतं, कोठीनं ती दुसऱ्याच फोल्डरमध्ये ठेवली होती. त्याऐवजी १२७.०.०.१ लिहिलं की माणूस पुढच्या दारानं, ३३०६ क्रमांकाच्या पोर्टवरून जातो. घर तेच, यजमान तोच. आकडे लिहिले आणि अबोला सुटला.

आनंदाच्या भरात भाच्यानं तोच लोकलहोस्टचा पत्ता खजिनदार काकांना मोबाइलवर धाडला. काकांच्या मोबाइलनं काकांच्याच मोबाइलमध्ये मंडळाची वर्गणी शोधली आणि काही नाही म्हणून कळवलं. लोकलहोस्ट म्हणजे 'मी स्वतः'. जो उघडेल त्याचा तो. काकांनी रात्री नऊला मला फोन केला. "भाऊ, पैसा क्यां गया?"

मग नावं भरली. सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली. पाटील, महाजन, सोनवणे, चौधरी, सगळे एका ओळीत प्रश्नार्थक. मला वाटलं, मंडळाच्या कार्यकारिणीचं इतकं अचूक वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं. कारण असं की मायएस्क्यूएलचा जन्म स्वीडनमधल्या कंपनीतला. २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत तुम्ही काही सांगितलं नाहीत तर ते अक्षरं लॅटिन धरायचं आणि नावं स्वीडिश क्रमानं लावायचं. म्हणजे अमळनेरची माणसं सुरतेत, स्टॉकहोमच्या बाराखडीनुसार.

भाच्यानं अक्षरसंच बदलून 'यूटीएफ-८' केला आणि मराठी उमटलं. दोन दिवस बरे गेले. नंतर शेऱ्याच्या रकान्यातला मजकूर मध्येच तुटू लागला. "गणपती बाप्पा मोरया" एवढं राहायचं, पुढचं "५०१ रोख दिले, पावती बाकी" गायब. याची उकल मला फार आवडली. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, आणि मायएस्क्यूएलचं 'यूटीएफ-८' तीन बाइटांपुरतंच केलेलं. मोबाइलवरच्या जोडलेल्या हातांना लागतात चार. जुनी आवृत्ती चार बाइटांशी आली की तिथेच लिहिणं थांबवायची, कुरकुर न करता. आणि आमच्या मंडळात हात जोडल्याशिवाय कोणी पैशाचा विषय काढत नाही. नमस्कार केला की रक्कम नाहीशी! चार बाइटांची सोय २०१० मध्ये 'यूटीएफ-८-एमबी-४' या नावानं झालीच होती. ती लावली तेव्हा हातही राहिले आणि पाचशे एकही.

मधे एकदा एनजिनएक्स उठायलाच तयार होईना. भाचा फाइलकडे तासभर बघत होता. शेजारचे हिरे पारखणारे भाई साखर मागायला आले. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून दिवसभर खोट शोधणारी नजर. इंग्रजीचा गंध नाही. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "बधी लाइनने छेडे टपकुं छे, आने नथी." ओळीच्या शेवटचा अर्धविराम खरंच राहिला होता. साखर त्यांना वाटीभर जास्त दिली.

पण शहरात गाजला तो वेगळाच बिघाड. रोज सकाळी पहिला माणूस आत गेला की मायएस्क्यूएल उत्तर द्यायचं, सर्व्हर निघून गेला आहे. ही चूक मायएस्क्यूएलच्या यादीत अधिकृत आहे आणि तिचा क्रमांक २००६. भाच्यानं मंडळाच्या बैठकीत सहज सांगितलं, "सकाळी दोन हजार सहा आलं होतं." ऑगस्टचा महिना, बाहेर पाऊस. दोघे उठून स्कूटर उंचावर लावायला गेले. एकानं घरी फोन केला, "टीव्ही वर उचला." उकाईतून किती सोडलं या प्रश्नाला भाचा उत्तर देत राहिला, अठ्ठावीस हजार आठशे. "फक्त?" "सेकंद, काका." इतके सेकंद, म्हणजे आठ तास, कोणी काही बोललं नाही तर डेटाबेस जोडणी तोडून टाकतो, आणि मधल्या घराला त्याचा पत्ता नसतो. आमचे मागावरचे सभासद गप्प झाले. त्यांची पाळी बारा तासांची. आठ तासांनी उठून जाणारा आणि वर त्याचा नियम दाखवणारा कामगार त्यांनी सुरतेत पहिल्यांदाच पाहिला.

शेवटी प्रश्न राहिला बाहेरच्यांना आत येऊ देण्याचा. राउटरवर सगळी दारं उघडली तरी कोणी पोचेना. तेव्हा कळलं की इंटरनेटवाल्यानं अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिला आहे. गल्लीच्या तोंडाशी एकच पाटी आणि पोस्टमनला आतलं घर कुणी सांगायचं नाही, असं. भाचा म्हणाला, स्वतःचा कायमचा पत्ता महिन्याला वेगळे पैसे देऊन मिळतो. म्हणजे भाडं आलंच. काकांना हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी पावतीवर 'मंडप किरकोळ' असं लिहिलं.

पत्ता मिळाला त्या रात्री भाच्यानं मला नोंदवही दाखवली. मंडळाचा एकही सभासद अजून बाहेरून आला नव्हता आणि दारावर रांग होती. कुठकुठच्या देशांतून यंत्रं येऊन पासवर्ड टाकून बघत होती: रूट, ॲडमिन, टेस्ट. आमच्याकडे नसलेल्या दालनांची नावं घेऊन आत सोडा म्हणत होती. सुरतेत मराठी माणसाला १६६४ वरून एक तरी टोमणा बसतोच. शिवाजी महाराज आले तेव्हा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, हा भागही आम्ही तितक्याच उत्साहानं सांगतो. आज मात्र किल्ल्यात आम्ही होतो. भाचा भराभर दरवाजे बंद करत होता. बायको मागे उभी राहून यादी वाचत होती.

"इतकी माणसं रात्री दोन वाजता दारात?" ती म्हणाली. "अहो, मग एकेकाला पावती फाडा ना."