मॅन्युअल काकाजी

जवाहरनगर हे गळ्यात कॅमेरा मिरवायचं गाव नव्हे. ही भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीची वसाहत. 1923 च्या शासकीय गुपिते कायद्यात दारूगोळ्याचे कारखाने निषिद्ध ठिकाणांत मोडतात, त्यामुळे निर्माणीच्या भिंतीकडे लेन्स वळवायची कुणाची छाती नाही. तरीही निवृत्तीला आलेले आणि जीपीएफमधून पैसे काढून हातभर लांब लेन्स घेतलेले एक काकाजी इथे दर दोन गल्ल्यांआड सापडतात.

रविवारी पहाटे त्यांची स्वारी कोक्याच्या, नाहीतर नागझिऱ्याच्या जंगलात निघते. अंगात चट्ट्यापट्ट्यांचं हिरवं जाकीट, डोक्यावर तसलीच टोपी. जिप्सीची धूळ नाकातोंडात जाते, लेन्समध्ये जाते, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत लेन्सची ऑटोफोकसची मोटर राम म्हणते.

"पहिले घर्रर्र करे. मंग टकटक. आता चुपचाप," काकाजी घरच्या आजारपणाच्या सुरात सांगतात.

वसाहतीत जो तो जन्मभर यंत्रांत वावरलेला, म्हणून निदानाला तोटा नाही. फिटर विचारतो, "बाजूची एएफ-एमएफची खटकी पायली का जी?" हे इतक्यांनी विचारलंय आणि प्रत्येकाने ती खटकी स्वतः खालीवर करून पाहिलीय, की तिच्यावरची अक्षरं पुसत आली आहेत. इलेक्ट्रिकलवाला नातवाचं खोडरबर घेऊन माउंटवरचे सोनेरी ठिपके घासून देतो. काकूंचा उपाय धानाच्या जिल्ह्याला शोभणारा: "ओल धरली असन, तांदळाच्या डब्यात ठेवा." ठेवली. मोटर हलली नाही. झूमच्या रबरी रिंगेत कणी तेवढी शिरली.

मग नागपूरच्या दुरुस्तीवाल्याने नव्या मोटरचा आकडा सांगितला आणि तिथल्या तिथे काकाजी तत्त्वज्ञ झाले.

"ऑटोफोकस कालपरवाचं खूळ आहे, बाप्पा! मिनोल्टाचा 7000 आला 1985 ले. कॅनॉनची अल्ट्रासॉनिक मोटर 1987 ले. त्याच्या आधी काय वाघाचे फोटो निंघत नव्हते?"

निघत होते ना. पण त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत फोकस चुकला की मधोमध दुभंगलेलं चित्र दाखवणारी काच असायची. काकाजींच्या डिजिटल कॅमेऱ्यात ती नाही आणि चष्म्याचा नंबर तर वाढतोच आहे. तरी हाताने फोकस करायची विद्या त्यांनी मन लावून शिकली, हे कबूल केलं पाहिजे. मागच्या स्क्रीनवर चित्र दहापट मोठं करायचं, श्वास रोखायचा, रिंग केसभर पुढे, केसभर मागे. वाघ रस्ता ओलांडणार असेल तर रस्त्यातल्या एखाद्या दगडावर आधीच फोकस लावून बसायचं. ही जुनी, अस्सल युक्ती आहे. फक्त दगड कोणता ठरलाय ते वाघाला कळवायची सोय नाही.

सारसाने मात्र त्यांना पुरेपूर संधी दिली. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर गोंदिया-भंडाऱ्याकडेच यावं लागतं. जवळजवळ माणसाएवढा उंच पक्षी, धानाच्या बांधीत निवांत उभा. काकाजी रिंग फिरवत राहिले, तो उभा राहिला. शेवटी कंटाळून त्यानेच मान वळवली. त्या फोटोत धुऱ्यावरच्या गवताची काडी इतकी स्वच्छ आली आहे की तिच्यावरची कुसळं मोजून घ्यावीत. तिच्या मागे एक राखाडी ढग, ढगाला लाल टोक.

"कलात्मक ब्लर आहे हा," काकाजी सांगतात. "मोटर असती तर थेट डोळ्यावर फोकस आला असता."

मोटर ठणठणीत होती तेव्हाचे त्यांचे फोटो मी पाहिले आहेत. तेव्हाही ढगच यायचे, पण तेव्हा दोष हाताचा होता. लोक फोटो पाहून "छान" म्हणत आणि विषय बदलत. आता तेच लोक मोटरला शिव्या घालतात, हळहळतात, चहा पाजतात. पुण्याच्या भाच्याने "मामाजी, दुरुस्तीचे पैसे मी भरतो" म्हटलं, तेव्हा काकाजी केवढ्याने उसळले! "राहू दे. मॅन्युअलची मजा तुमाले नाही समजायची."

तेव्हा तुमच्या ओळखीत असे कुणी काकाजी असतील तर त्यांची लेन्स दुरुस्त करून द्यायच्या फंदात पडू नका. आणि घरात बारसं असेल, तर फोटोला दुसरा कोणी आधीच सांगून ठेवा.