पुण्याचा समुद्र, सूर्यास्तासकट

पुण्याला समुद्र नाही, ही गोष्ट पुणेकराने कधी मनाला लावून घेतलेली नाही. खडकवासल्याला धरणाच्या काठाने गाडी लावायची, कणीस भाजून घ्यायचं, कांदाभजी मागवायची आणि त्या जागेला बिनदिक्कत चौपाटी म्हणायचं. मुंबईचा पाहुणा यावर कुजकट हसतो. त्याला सांगावं, इथल्या पीकॉक बेमध्ये एनडीएचे कॅडेट शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. नौदलाच्या भावी अधिकाऱ्यांना जे पाणी चालतं, ते तुमच्या सूर्याला बुडायला का चालू नये? शिवाय १९१६ साली स्थापन झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र इथेच आहे. तिथल्या शेडमध्ये बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्यांत लाटा आणि भरती-ओहोटी तयार करतात. म्हणजे खरा समुद्रसुद्धा आपली दुखणी दाखवायला खडकवासल्यालाच येतो.

जुने पुणेकर मात्र या पाण्याकडे फार लाडाने बघत नाहीत. १२ जुलै १९६१ ला पानशेतपाठोपाठ हे धरणही फुटलं होतं, ते त्यांच्या डोक्यातून जात नाही.

बाकी सगळे संध्याकाळी मोबाइल सरसावून काठावर उभे. सूर्याचा नुसता फोटो काढणारे थोडेच. कुणाला तो तळहातावर हवा असतो, कुणाला चिमटीत, एखाद्या हौशी जावईबापूंना भज्यासारखा तोंडात. "हात जरा खाली घ्या. अजून. अहो, किती खाली? काखेत गेला तो!" तोवर सूर्य सरकतो आणि हात पुन्हा खाली. शेवटी फोटोत येतात ते यजमान, अर्धवट वाकलेले, कमरेत उसण भरल्यासारखे. सूर्य त्यांच्या कोपराशी, मोहरीएवढा.

तो मोहरीएवढाच येणार. पन्नास मिलिमीटरच्या लेन्समधून सूर्याची प्रतिमा जेमतेम अर्धा मिलिमीटर उमटते. फोनच्या लेन्सची तर बातच सोडा. डोळ्यांना तो ताटाएवढा वाटतो, ती मनाची करामत. दुसरा घोळ रंगाचा. समोर सगळं केशरी झालेलं दिसलं की ऑटो व्हाइट बॅलन्सवरचा फोन ते बिघाड समजून दुरुस्त करायला बसतो. त्याला ‘डेलाइट’वर ठेवावं, आकाशाच्या उजळ भागावर बोट टेकवून उजेड थोडा उतरवावा, की बरंचसं भागतं.

वेळेचा घोटाळा मात्र फोन निस्तरू शकत नाही. दिनदर्शिकेतली सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिजाची, आणि इथे तर डोंगर. त्यात सूर्याची जागाही वर्षभरात सुमारे पन्नास अंशांनी फिरते: जूनमध्ये तो एनडीएच्या अंगाला उतरतो, डिसेंबरमध्ये पानशेतच्या. घड्याळ बघून वेळेवर पोचलेल्या माणसाला (हा प्राणी पुण्यात अजून आढळतो) डोंगराने केव्हाच गिळलेल्या सूर्याची नुसती वार्ता मिळते.

समुद्रावर वेगळीच गंमत. तिथे सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते, तेव्हा तो खरं तर जवळजवळ अख्खा क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेने वाकवलेला प्रकाश आपल्याला त्याचं रूप तेवढं दाखवत राहतो. थोडक्यात, मुंबईकर बुडालेल्या सूर्याचा फोटो काढतो आणि पुणेकर न बुडालेल्या सूर्याला बुडाला म्हणून मोकळा होतो.

आणि मोकळा झाला की गाडीला किल्ली लावतो. सूर्य डोंगराआड गेला रे गेला, की सिंहगड रस्त्यावर हॉर्नची जत्रा भरते. इकडे पाठीमागे ढगांना खालून रंग चढायला नुकती सुरुवात झालेली असते. केशरी, मग गुलाबी, मग जांभळा. हाच खरा कार्यक्रम, आणि तो बघायला उरतात कणीसवाल्या बाई. त्यांचं लक्ष निखाऱ्यांकडे.

तेव्हा सूर्य गेल्यावर अर्धा तास बसा. तेवढ्यात रस्ताही जरा मोकळा होतो. फोटोसाठी कठड्यावर चढू नका, पाण्यात उतरू नका. आणि दाणे खाल्लेली कणसं धरणात भिरकावू नका. उद्या तेच पाणी आपल्या नळाला येतं.